गारा

आमच्या वर्धा जिल्ह्यात चिखलाला गारा म्हणतात. ‘पांदणीत लय गारा झाला’, म्हणजे वावराच्या वाटेत चिखल झाला, म्हटलं की ऐकणारा बंडी-ट्रॅक्टरचा विचार सोडतो आणि पायीच वावराकडे निघतो. पुण्या-नाशकाकडच्या माणसाला मात्र गारा म्हटलं की आभाळातून पडणारा बर्फ आठवतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं विदर्भातला उभा गहू झोपवला, तेव्हा तो अर्थही आमच्या अंगणात येऊन गेला. पण बर्फ म्हणजे काय हे मला खरं कळलं ते फार पुढे, मुलीच्या घरी, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसलो तेव्हा. आणि तिथं बसल्या बसल्या मला सारखा आठवत होता तो आमच्या पांदणीतलाच गारा.

आधी त्याचंच सांगतो.

२०१९ चा ऑक्टोबर. त्या वर्षी परतीचा पाऊस परतायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन कापून गंजी लावली होती, वर ताडपत्री होती, पण ओल खालून चढते. गंजीत हात घातला की आत गरम लागायचं, आंबूस वास यायचा, आणि मुठीत आलेल्या शेंगांमधल्या दोन-चार दाण्यांना पांढरे कोंब दिसायचे. दोन दिवस उघाड मिळाली, तेवढ्यात मळणी उरकली. अडतीस कट्टे ट्रॉलीत भरले आणि पश्चिमेला पुन्हा काळं झालं. घर दीड किलोमीटरवर, मधे पांदण.

आमची काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. तीच पावसात फुगते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे पाणी पितात आणि एकमेकांवरून सरकतात, असं कृषी महाविद्यालयात शिकवतात. तळपायाला ते न शिकताच कळतं. चार पावलं चाललं की पायात मातीचे जोडे तयार होतात, एकेक दोन-दोन किलोचा.

नाल्याच्या अलीकडे, जिथं दोन्ही धुऱ्यांचं, म्हणजे बांधांचं, पाणी पांदणीत उतरतं, तिथं ट्रॅक्टर फसला. उजवं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, डावं गप्प उभं. इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलचा स्वभावच तो, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच तो फिरवत बसतो. त्यासाठी दोन्ही चाकं जोडणारं लॉकचं पेडल असतं, आणि ते चाक थांबवून मगच दाबायचं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण डोक्यात पाऊस होता, ट्रॉलीत वर्षाचं पीक होतं, आणि मी रेस दिली. चाकानं मागे गारा उडवत स्वतःसाठी खड्डा खणला आणि एक्सलपर्यंत खाली बसलं.

‘अबे, रेस नोको देऊ! जमिनीले कायले चिडवतं?’ बाबा धुऱ्यावरून ओरडले.

ते तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. काही न बोलता ते घराकडे चालू लागले आणि तासाभरानं परत आले ते खांद्यावर दावणीच्या साखळ्या घेऊन. आमची गवळाऊ बैलांची जोडी, चांद्या आणि हिऱ्या, आम्ही २०१५ साली विकली होती. गवळाऊ ही आमच्याच जिल्ह्यातली जात, पांढरी, लांब तोंडाची, चालायला हलकी. बैल गेले, पण त्यांच्या साखळ्या बाबांनी कोठ्यातल्या खुंटीवर तशाच ठेवल्या होत्या. दर पोळ्याला ते त्यांना तेल लावत. त्या दोन आणि गाई-म्हशीच्या दोन, अशा चार.

दोघांनी फावड्यानं चाकं मोकळी केली. बाबांनी एकेक साखळी रिम आणि डिस्कच्या मधल्या फटीतून ओवली, टायरवरून आडवी आणली आणि तिचा आकडा तिच्याच कडीत अडकवला. एका चाकाला दोन. मग मला म्हणाले, ‘आता हळू. पहिल्या गेरमधी. चाक चाललं पाहिजे, फिरलं नाही पाहिजे.’

ट्रॅक्टर हलला. साखळी जमिनीला भिडली की एक हिसका, मग घसरण, मग अर्ध्या फेऱ्यानंतर पुन्हा हिसका. वीस-पंचवीस हात आलो असू. मग एक साखळी सरकून टायरच्या दोन तिरप्या उंचवट्यांमधल्या खाचेत जाऊन बसली, तिच्यावर माती भरली, आणि ती असून नसल्यासारखी झाली. दुसरी तटकन तुटली. तिचं टोक मडगार्डवर आदळलं, मागचा लाइट फुटला, आणि त्या मडगार्डवर बोटभर खोलीचा पोचा पडला. तो अजून आहे.

शेवटी शेजारच्या वावरातली माणसं आली. कट्टे डोक्यावर घेऊन नाला ओलांडला. रात्रीचे दहा वाजले, शेवटचे सात-आठ कट्टे भिजलेच. घरी आल्यावर मी बाबांना बोललो. ‘बैलाच्या साखळ्यांनी ट्रॅक्टर निघतो का कुठं? माणसं आधीच बोलावली असती तर माल भिजला नसता.’ त्यांनी हातपाय धुतले आणि न जेवता झोपायला गेले. तुटलेली साखळी दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंटीवर दिसली.

माझी मुलगी शिकायला अमेरिकेला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. ती राहते ते होटन गाव मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेला, लेक सुपिरिअरमध्ये घुसलेल्या कीविनॉ नावाच्या द्वीपकल्पावर आहे. २०२३ च्या जानेवारीत मी आणि बायको तिच्याकडे गेलो. कॅनडाकडून येणारा थंड कोरडा वारा त्या सरोवरावरून जाताना वाफ उचलतो आणि जमिनीवर आला की ती बर्फ करून टाकून देतो. दिवसच्या दिवस. तिथल्या हमरस्त्यावर एक उंच पाटी उभी केली आहे, थर्मामीटरसारखी. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडला त्याची खूण तिच्यावर आहे. जवळजवळ दहा मीटर. मी पाटीखाली उभा राहून हिशेब केला. भुसभुशीत बर्फ साधारण दहा इंच वितळला तर एक इंच पाणी होतं. म्हणजे ते विक्रमी दहा मीटर वितळवले तर मीटरभर पाणी, आपल्या एका चांगल्या पावसाळ्याएवढं. पाणी तेवढंच, फक्त ते वाहून जात नाही. जिथं पडतं तिथं माणसाच्या दारात बसून राहतं.

मुलीचं घर टेकाडावर आहे. दारापासून सडकेपर्यंत ऐंशी मीटर गिट्टीचा उतार. सडक साफ करायला मोठी गाडी पहाटेच येऊन जाते, पण जाताना बाजूला सारलेल्या बर्फाचा कंबरभर बांध घराच्या तोंडाशी घालून जाते. तो फोडल्याशिवाय कामावर जाता येत नाही. त्यासाठी तिनं जुना, पंचवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला होता. आपल्याकडे वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत मिनी ट्रॅक्टर फिरतात, तेवढाच. पुढे लोडरची बादली, मागे अवजारं जोडायच्या तीन-बिंदू जोडणीला आडवं लोखंडी पातं. मी बघताक्षणी म्हटलं, ही तर वखराची पास! तीही म्हणाली, ‘हो पप्पा, मी वखरच म्हणते त्याला. इथं कुणाला कळत नाही.’

मागचे टायर भरलेले होते. आपण वजनासाठी ट्यूबमध्ये पाऊण भाग पाणी भरतो. तिकडे पाणी गोठेल म्हणून बीटपासून केलेलं पातळ द्रव भरतात. ते पाण्यापेक्षा साधारण तीस टक्के जड असतं आणि रिमही गंजवत नाही. तरीही, ती म्हणाली, पहिल्या हिवाळ्यात ट्रॅक्टर त्या उतारावरून आडवा घसरत सडकेपर्यंत गेला होता. ब्रेक मागच्याच चाकांना, आणि बादलीत बर्फ भरलेला असला की मागची चाकं हलकी होतात. ती हे सांगत होती तेव्हा तिची आई उठून आत गेली. त्या घसरण्यानंतर मुलीनं साखळ्या आणल्या.

गॅरेजच्या फरशीवर तिनं ती साखळी पसरली आणि मी खाली बसलो. दोन्ही कडांना दोन लांब साखळ्या, टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला गोल बसणाऱ्या, आणि त्यांच्या मधे आडव्या-तिरप्या साखळ्यांची जाळी, खाटेच्या विणीसारखी चौकोनी. शिडीसारख्या सरळ आडव्या साखळ्याही मिळतात, पण शेतीच्या टायरवर त्या तिरप्या उंचवट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतात आणि कामाच्या राहत नाहीत. मुलगी हे सहज बोलून गेली. माझ्या डोळ्यांपुढे २०१९ ची ती पांदण आली. ती साखळी नेमकी त्याच खाचेत गेली होती. बाबांचा विचार बरोबर होता. कमी पडली ती जाळी, त्या खाचेत साखळीला पडू न देणारी.

तिनं जाळी चाकावरून टाकली. आकड्यांची टोकं बाहेरच्या अंगाला, म्हणजे ती टायरच्या गालाला घासत नाहीत. आधी आतली बाजू अडकवायची. तिथं हात पोचवायला जमिनीवर पालथं पडावं लागतं, आणि हातमोजा काढला की लोखंड कातडीला चिकटतं. मग बाहेरची. मग आवळायचं. मग मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये हात घालून बघायचं, साखळीला फिरायला जागा आहे ना. हायड्रॉलिकच्या नळीला लागत नाही ना. एवढं करून पन्नास पावलं चालवायचं, थांबायचं, आणि पुन्हा आवळायचं. चालवल्यावरच साखळी टायरवर नीट बसते. तोपर्यंत वाटते ती घट्ट, पण ती घट्ट नसते.

अर्ध्या कामात असताना तिनं बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे आठ, म्हणजे गावात संध्याकाळचे साडेसहा. बाबा कोठ्यापाशी बाजेवर बसलेले दिसले. तिनं फोन बर्फाच्या ढिगाकडे वळवला तेव्हा ते नुसतं ‘हं’ म्हणाले. चाकाकडे वळवला तेव्हा पुढे वाकले.

‘आकड्याचं तोंड कुकडे केलं?’

‘बाहेरच्या अंगाला, आबाजी.’

‘बराबर. आत केलं तं टायरले चावते.’ मग थोडा वेळ ते नुसते बघत राहिले. ‘आडव्या किती हायेत?’

तिनं बोट लावून मोजल्या. चौदा जागी लोखंड टायरवरून जात होतं.

‘माह्यापाशी चाकाले दोनच होत्या,’ बाबा म्हणाले.

मी फोनच्या मागे उभा होतो. त्यांना मी दिसत नव्हतो. २०१९ च्या त्या रात्रीनंतर या गोष्टीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते, आणि तेही माझ्याशी नाही. मी पुढे होऊन म्हणालो, ‘बाबा, तुमची साखळी खाचेत गेली म्हणून चुकलं. तुमचं काही चुकलं नव्हतं.’ त्यांना नीट ऐकू आलं की नाही, माहीत नाही. ते नातीला विचारत होते, तिकडे थंडीत म्हशी कुठं बांधतात.

चाकाला लावायच्या साखळीचं पेटंट १९०४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड या माणसाला मिळालं. गाळात गाडी फसली की लोक चाकाला दोर किंवा वेली गुंडाळत, ते पाहून त्याला ती सुचली असं सांगतात. मला ते पटतं. बर्फातलं हे अवजार निघालं ते चिखलातूनच. आमच्या गावचे एक माजी सुभेदार फौजेत असताना श्रीनगर-लेह रस्त्यावर ट्रक चालवत. त्या रस्त्यावरचा झोजिला घाट ११,५०० फुटांच्या वर आहे. ते म्हणतात, साखळी चढ सुरू व्हायच्या आधी लावायची, मधात नाही. फसल्यावर साखळी लावणारा आधी बेलचा, म्हणजे फावडं, मारतो आणि मग साखळी लावतो, म्हणजे दुप्पट काम. आम्ही त्या दिवशी तेच केलं होतं.

त्या महिन्यात मी मुलीबरोबर रोज ट्रॅक्टरवर बसलो, काही दिवस स्वतः चालवला. साखळीचा आवाज येतो, खळ-खळ-खळ, थेट बंडीसारखा. बर्फ जाळीच्या चौकोनांत दाबला जातो आणि चाक वर फिरताना टायर लवतो तसा गळून पडतो. उणे पंधरा-वीसचा कोरडा बर्फ तर साबुदाण्यासारखा मोकळा. शून्याच्या आसपास मात्र तोच चिकट होतो आणि साखळीत गच्च बसतो. त्या दिवशी ती सारखी खाली उतरून दांडक्यानं चाक ठोकायची.

तिथं मला एक गोष्ट नीट उमगली, आणि ती मला गावात पन्नास वर्षं राहून उमगली नव्हती. आमची सगळी शेती वाफशावर चालते. पाऊस झाला की थांबायचं, माती ना ओली ना कोरडी अशी हाताला लागली की मगच डवरा जुंपायचा. ओल्यात गेलं तर जमीन बिघडते आणि अवजार फसतं. थांबणं हे आमच्याकडे शहाणपण आहे. होटनमध्ये थांबणं हा धोका आहे. सकाळी भुसभुशीत असलेला बर्फ दुपारपर्यंत गाड्यांखाली दबतो, रात्री त्याची काच होते, आणि त्या काचेवर ट्रॅक्टर, माणूस, काहीच टिकत नाही. म्हणून ती पहाटे पाचला उठून गमबूट चढवते. २०१९ च्या त्या दिवशी बाबांपुढे वाफसा नव्हता, होटनची पहाट होती. दाण्यांना कोंब फुटत होते. ज्याला थांबता येत नाही त्यानं काय करायचं, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यांनी हाताशी होतं त्यातून उत्तर काढलं. मी त्यांना बोललो, ते नको होतं.

कीविनॉच्या पोटात बेसाल्ट आहे, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्यात शुद्ध तांबं सापडायचं म्हणून तिथं खाणी झाल्या. आमची काळी मातीही बेसाल्टचीच लेक, फक्त तो लाव्हा तरुण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुलगी आमच्या गावापासून एवढी लांब गेली आणि राहिली शेवटी त्याच जातीच्या दगडावर, हे कळल्यावर तिच्या आईला फार बरं वाटलं. मलाही.

मार्चमध्ये परत आलो आणि बाबांबरोबर बसून लाकडाच्या पाटीवर कोळशानं ती जाळी काढून दाखवली. मी म्हणालो, गाऱ्यात ही चालणार नाही. काळी माती बर्फासारखी गळून पडत नाही, ती चौकोनांत बसली की चाकाचा गुळगुळीत रोळ होतो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात, ते चालतं, कारण त्याच्या दांड्यांमध्ये माती धरायला जागाच कमी असते आणि चिखलाखाली कडक थर असतो. आमच्या पांदणीला तो तळ लागत नाही. शिवाय केज व्हील डांबरी सडकेवर नेलं तर सडक सोलून निघते.

बाबांनी पाटीवरच्या चौकोनांवरून बोट फिरवलं. ‘गाऱ्यात नाही,’ ते म्हणाले. ‘नाल्याच्या चढावर.’

आणि ते खरं होतं. गेल्या दोन वर्षांत पांदणीवर मुरूम पडला, पण तो गावाच्या बाजूनं नाल्यापर्यंत आला आणि थांबला. पलीकडचे चारशे मीटर अजून तशीच काळी. वावरातून येणारी चाकं तिथली माती घेऊन नाल्यात उतरतात आणि चढाच्या मुरमावर तिचा बोटभर थर चोपडून ठेवतात. वर लोणी, खाली दगड. अशा जागी साखळी खालच्या दगडापर्यंत पोचते. चारशे मीटरच्या खोल गाऱ्याला आजही माझ्यापाशी उत्तर नाही, तिथं मुरूमच पाहिजे, आणि त्यासाठी मी दर ग्रामसभेत उठून बोलतो. पण चढाला उत्तर होतं.

वेल्डिंगवाल्याकडे दोन दिवस बसून आम्ही जाळी करून घेतली. कडांना नव्या साखळ्या आणि मधे जमतील तेवढ्या जुन्या. चांद्याची साखळी उजव्या चाकाला आहे, हिऱ्याची डाव्या. तुटलेली कडी बाबांनी स्वतः उभं राहून जोडून घेतली.

२०२४ च्या ऑक्टोबरात सोयाबीन काढलं. पाऊस येऊन गेला होता, पण या वेळी तीन दिवस थांबता आलं, चारशे मीटर कसेबसे पार झाले. ट्रॉलीत या वेळी मी सोळाच कट्टे घेतले होते. नाल्याच्या अलीकडे, चढ लागायच्या आधी, ट्रॅक्टर थांबवला आणि दोन्ही चाकांना साखळ्या चढवल्या. आतल्या अंगाला मी पालथा पडून हात घातला, बाहेरून बाबांनी आकडे अडकवले, तोंड बाहेर करून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस काठी बाजूला ठेवून गाऱ्यात उकिडवा बसला होता आणि मी नको म्हटलं नाही.

पहिला गेर, रेस नाही. खळ-खळ-खळ. चाक चाललं, फिरलं नाही. बाबा बाजूनं चालत होते, त्यांची नजर टायरवर. चढाच्या मध्यावर पोचलो तेव्हा वर मुरमाची कोरडी पट्टी दिसायला लागली होती आणि मला तिथवर न थांबता जायचं होतं. बाबांनी हात वर केला.

‘थांब. पन्नास पावलं झाली. आवळून घे.’